नऊ महिन्यांना दोन दिवस कमी: लॅब्रेडॉर मादीला कोणत्या क्लासमध्ये भरावं? (इंग्लंड)

कॉव्हेंट्रीकर

नमस्कार मंडळी. पिवळी लॅब्रेडॉर मादी, जन्म १० फेब्रुवारी २०२५. केनेल क्लबच्या (इथली कुत्र्यांची नोंदणी आणि शोचे नियम बघणारी संस्था) ब्रीड रजिस्टरवर नोंद आहे. मालकी आमच्या नावावर करण्याचा अर्ज गेला आहे, पण प्रमाणपत्र हातात आलेलं नाही. ब्रीडरने कागदांवर दोन एन्डॉर्समेंट लावल्या आहेत: तिच्या पिल्लांची नोंदणी होणार नाही आणि निर्यातीचे कागद मिळणार नाहीत. चार महिने रिंगक्राफ्ट, म्हणजे शो रिंगचं प्रशिक्षण, चालू आहे. उभी शांत राहते, दात दाखवते, सरळ रेषेत छान चालते, त्रिकोणात मात्र शेवटच्या वळणावर उसळते.

समोर तीन शो आहेत:

८ नोव्हेंबरचा ओपन शो. लॅब्रेडॉरसाठी सहा क्लास, नर-मादी एकत्र: मायनर पपी, पपी, ज्युनियर, नॉव्हिस, पोस्ट ग्रॅज्युएट, ओपन.

२३ नोव्हेंबरचा ओपन शो. इथे चारच: पपी, ज्युनियर, पोस्ट ग्रॅज्युएट, ओपन. शिवाय एव्ही गनडॉग पपी आहे, म्हणजे गनडॉग (शिकारी साथीदार) गटातल्या सगळ्या ब्रीडच्या पिल्लांचा एकत्र क्लास.

डिसेंबरातला चॅम्पियनशिप शो, दोन दिवसांचा, लॅब्रेडॉरला सीसी (चॅलेंज सर्टिफिकेट, चॅम्पियन होण्यासाठी लागतं ते) आहेत. गनडॉग दुसऱ्या दिवशी. मादींचे क्लास वेगळे आणि भरपूर: मायनर पपीपासून ओपनपर्यंत, पुढे व्हेटरन आणि स्पेशल बिगिनर्स.

पहिल्या क्लासची फी जास्त आणि पुढच्या प्रत्येक क्लासला थोडेच पाउंड, असा हिशोब दिसतो. म्हणजे इतक्या लांब जायचंच आहे तर दोन-तीन क्लास भरणं फायद्याचं का? आणि ८ नोव्हेंबरला ती नऊ महिन्यांना दोन दिवस कमी असेल, मग मायनर पपी की पपी? एन्डॉर्समेंटमुळे शोला काही अडचण येते का?

---

रिंगच्या_कडेला

आधी किरकोळ ते. त्या दोन एन्डॉर्समेंट शोच्या आड येत नाहीत. त्या प्रजनन आणि निर्यात यांच्यापुरत्या आहेत. मालकीचा अर्ज गेलेला आहे ना, मग एंट्रीत कुत्रीच्या नावापुढे टीएएफ लिहायचं, म्हणजे हस्तांतराचा अर्ज केलेला आहे. हे न लिहिता स्वतःचं नाव मालक म्हणून घातलं आणि रजिस्टरवर अजून ब्रीडरचं नाव असलं, तर मिळालेलं बक्षीस नंतर काढून घेतलं जाऊ शकतं. नवराबायको दोघांच्या नावाने अर्ज केला असेल तर एंट्रीतही दोन्ही नावं हवीत.

आता वय. केनेल क्लबच्या व्याख्येत मायनर पपी म्हणजे सहा महिने पूर्ण आणि नऊ कॅलेंडर महिन्यांहून जास्त नाही. पपी सहा ते बारा, ज्युनियर सहा ते अठरा, यर्लिंग बारा ते चोवीस. वय मोजायचं ते शोच्या पहिल्या दिवशी. एंट्री भरण्याच्या दिवशी नाही आणि तुमच्या ब्रीडचं जजिंग असेल त्या दिवशीही नाही. १० फेब्रुवारीचा जन्म म्हणजे १० नोव्हेंबरला नऊ पूर्ण. ८ तारखेला ती मायनर पपीत बसते, २३ ला बसत नाही. डिसेंबरात नऊ महिने उलटून गेलेले असतील, तिथे मायनर पपीकडे बघायचंच नाही. दोन दिवसांच्या शोमध्ये हा नियम तिला पुढे उपयोगी पडेल. बारा किंवा अठरा महिने जर शोच्या दुसऱ्या दिवशी उलटत असतील, तरी पहिल्या दिवशीचं वय धरून ती लहान क्लासमध्ये चालते.

८ तारखेला मायनर पपीच भरा आणि फक्त तोच. त्या क्लासमध्ये ती सगळ्यांत मोठी किंवा मोठ्यांपैकी एक असेल. सहा महिन्यांचं लॅब पिल्लू आणि नऊ महिन्यांचं, यांच्यात छातीच्या खोलीत आणि पाठीच्या रेषेत डोळ्यांना दिसेल इतका फरक असतो. लहान पिल्लाचा मागचा भाग कित्येकदा पुढच्यापेक्षा उंच झालेला असतो आणि चालताना ते सगळीकडून सैल दिसतं. तीच मादी त्याच दिवशी पपीमध्ये घातली तर समोर साडेअकरा महिन्यांचा नर येऊ शकतो, कारण तुमच्या शोला नर-मादी एकत्र आहेत.

आता एकच क्लास का, ते सांगतो. बेस्ट ऑफ ब्रीडसाठी शेवटी रिंगमध्ये बोलावतात ते त्या ब्रीडच्या क्लासमध्ये कोणाकडूनही न हरलेल्यांना. समजा ती मायनर पपी जिंकली आणि तुम्ही ज्युनियरही भरला होता. ज्युनियरमध्ये सोळा महिन्यांच्या भरलेल्या, पक्क्या मादीने तिला दुसरं केलं. आता तिच्याकडे पहिल्या नंबराचं एक लाल कार्ड आहे, दुसऱ्याचं एक निळं कार्ड आहे आणि बेस्ट ऑफ ब्रीडच्या रांगेत जागा नाही. ज्युनियर भरलाच नसता तर लाल कार्डावर ती थेट त्या रांगेत उभी राहिली असती. थोडे पाउंड जास्त भरून ही जागा घालवायची असते का, एवढाच प्रश्न आहे.

चॅम्पियनशिप शोला हेच सीसीच्या बाबतीत. मादींच्या सगळ्या क्लासच्या न हरलेल्या विजेत्या सीसीसाठी उभ्या राहतात. रिझर्व्ह सीसीच्या (सीसीच्या खालोखालचा मान) वेळी जज सीसी जिंकलेलीच्या क्लासमधल्या दुसऱ्या क्रमांकालाही बोलावू शकतो, अट इतकीच की ती त्या दिवशी फक्त सीसीवालीकडूनच हरलेली असावी. दहा महिन्यांच्या लॅब मादीला सीसी मिळणं फार दुर्मिळ, ते मान्य. पण सवय पहिल्या शोपासून लागते, आणि दोन-अडीच वर्षांनी तिच्या हातात खरी संधी असेल तेव्हा जुन्या सवयीने दुसरा क्लास भरला जातो आणि संधी निसटते.

शेड्यूल वाचताना आणखी एक. चॅम्पियनशिप शोच्या क्लास यादीत ‘डॉग’ म्हणजे नर आणि ‘बिच’ म्हणजे मादी. नवखे लोक ‘पपी डॉग’ वाचून त्यावर खूण करतात आणि मादी नरांच्या क्लासमध्ये जाते. ऑनलाइन एंट्रीत क्लास नंबर निवडल्यावर पावती येते, तिच्यात क्लासचं पूर्ण नाव छापलेलं असतं. मुदत संपायच्या आत ती पावती शेड्यूलशेजारी ठेवून एकदा ताडून बघा.

---

गनडॉगवाली

वरचं सगळं बरोबर आहे, पण ‘एकच क्लास’ हा नियम मी इतका ताणणार नाही. इथे एक फरक सुटलाय. बेस्ट पपीसाठी अट वेगळी आहे: त्या ब्रीडच्या दुसऱ्या पिल्लाकडून हरलेली नसली की झालं. मोठ्या कुत्र्याने हरवलेलं त्यात मोजत नाहीत.

म्हणजे वरचंच उदाहरण घ्या. सोळा महिन्यांच्या मादीने ज्युनियरमध्ये हरवलं, बेस्ट ऑफ ब्रीड गेलं, पण बेस्ट पपी इन ब्रीडसाठी ती अजून शाबूत आहे. तिथून पपी ग्रुपचा रस्ता उघडा आहे. पहिल्या ओपन शोला नऊ महिन्यांच्या पिल्लाचं खरं लक्ष्य तेच असतं, बेस्ट ऑफ ब्रीड नव्हे.

धोका कुठे आहे? मायनर पपी आणि पपी हे दोन्ही भरण्यात. दोन्हीकडे समोर पिल्लंच. मायनर पपी जिंकली, पपीमध्ये अकरा महिन्यांच्या पिल्लाकडून हरली, की बेस्ट ऑफ ब्रीडही गेलं आणि बेस्ट पपीही गेलं. ही जोडी कधीच भरू नका. त्यापेक्षा मायनर पपी आणि नॉव्हिस ही जोडी परवडते, कारण नॉव्हिसमध्ये बहुधा मोठे असतात. अर्थात तिथेही एखादं अकरा महिन्यांचं पिल्लू फक्त नॉव्हिसमध्ये भरलेलं असू शकतं, ते कॅटलॉग हातात पडेपर्यंत कळत नाही.

दुसऱ्या क्लासचा फायदा सरावाचा आहे. त्रिकोणाच्या शेवटच्या वळणावर उसळणारं पिल्लू पहिल्या फेरीत उसळणारच. दुसऱ्यांदा आत गेल्यावर रिंग ओळखीची झालेली असते. पण रिंगमधलं काम कसं चालतं ते आधी समजून घ्या. दुसऱ्या क्लासच्या वेळी स्टुअर्ड (रिंगमधला जजचा मदतनीस) आधी तपासून झालेल्या कुत्र्यांना बाजूला, मागच्या निकालाच्या क्रमाने उभं करतो आणि नवीन आलेल्यांना वेगळी रांग देतो. जज हात लावून तपासतो ते नवीन कुत्र्यांना. जुन्यांना फार तर एकदा सगळ्यांबरोबर फिरवतो आणि मग एकत्र क्रम लावतो. म्हणजे दुसऱ्या क्लासमध्ये तुमच्या पिल्लाच्या वाट्याला बऱ्याचदा नुसतं उभं राहणं येतं. लहान ओपन शोला दहा मिनिटं, मोठ्या क्लासला अर्धा तास. दहा महिन्यांच्या लॅबला अर्धा तास ताठ उभं ठेवलं की ती पाठ खाली सोडते, मागचे पाय आत घेते आणि नेमकं त्याच क्षणी जज रांगेवरून नजर फिरवतो. सीन डॉगच्या, म्हणजे आधी तपासून झालेल्यांच्या, रांगेत उभं असताना तिला स्टॅक करून (पाय नीट मांडून ताठ) धरू नका. सैल सोडा, एखादा तुकडा द्या, बसली तर बसू द्या. शेवटचा नवीन कुत्रा परत यायला निघाला की मग उभी करा.

आणि जे क्रम एकदा लागले ते तोच जज त्याच दिवशी सहसा उलटवत नाही. मायनर पपीत तिच्या पुढे गेलेलं पिल्लू पुढच्या क्लासमध्येही असेल, तर तिथेही ते पुढेच राहणार असं धरून चाला. पैसे देऊन तोच निकाल पुन्हा घेण्यात हशील नाही.

२३ तारखेला पपी आणि एव्ही गनडॉग पपी ही जोडी मात्र बिनधास्त भरा. ब्रीडच्या रिंगमधली हार-जीत आणि एव्हीमधली हार-जीत वेगळी धरली जाते. एव्हीमध्ये एखाद्या स्पॅनियलने हरवलं म्हणून बेस्ट ऑफ ब्रीड जात नाही. फक्त दोन्ही रिंगच्या वेळा बघून ठेवा, कारण उशीर झाला आणि क्लास हुकला तर तो गेला, दुसऱ्यात बदलून मिळत नाही. आणि एव्हीएनएससी या अक्षरांवर फसू नका. ज्या ब्रीडला त्या शोमध्ये स्वतःचे क्लास नाहीत त्यांच्यासाठी तो आहे. लॅब्रेडॉरला क्लास आहेत, म्हणजे तुम्हाला तो बंद.

---

कॉव्हेंट्रीकर

मनापासून आभार दोघांचेही. बेस्ट पपीची अट वेगळी आहे हे अजिबात माहीत नव्हतं. ठरवलं: ८ ला फक्त मायनर पपी, २३ ला पपी आणि एव्ही गनडॉग पपी.

आता डिसेंबर. पपी बिच एवढाच भरायचा, की स्पेशल बिगिनर्सही? आम्ही दोघंही नवखे आहोत, तिथे कदाचित समोरचेही नवखे असतील असं वाटतं. आणि ओपन शोला समजा दोन-तीन पहिले नंबर आले तर पुढचे कोणते क्लास बंद होतात? ‘पहिली बक्षिसं’ मोजायची रीत प्रत्येक क्लासला निराळी दिसते आणि व्याख्या वाचून गोंधळ वाढलाच.

---

कॅटलॉग_वाचक

गोंधळ यासाठी होतो की लोक सगळे पहिले नंबर एकाच वहीत लिहितात. वहीत तीन रकाने पाडा: ओपन शोची पहिली बक्षिसं, सीसी असलेल्या चॅम्पियनशिप शोची पहिली बक्षिसं, आणि प्रत्येकापुढे क्लासचं नाव. मग प्रत्येक व्याख्या कोणत्या रकान्याकडे बघते ते लगेच दिसतं.

मेडन: ओपन किंवा चॅम्पियनशिप शोला एक जरी पहिलं बक्षीस आलं की बंद. नॉव्हिस: अशी तीन आली की बंद. पण दोन्हींत पपी आणि मायनर पपीतली बक्षिसं मोजत नाहीत. म्हणजे नोव्हेंबरात तिने मायनर पपी आणि पपी दोन्ही जिंकले तरी तिचा मेडनही शिल्लक, नॉव्हिसही शिल्लक. ज्युनियर जिंकली की मोजणी सुरू.

अंडरग्रॅज्युएट फक्त चॅम्पियनशिप शोकडे बघतो, तेही त्या ब्रीडला सीसी असलेल्या. तीन पहिली बक्षिसं आली की बंद, पपी वगळून. इथे ज्युनियर धरला जातो.

ग्रॅज्युएटपासून चित्र बदलतं आणि इथेच अनुभवी माणसंही चुकतात. ग्रॅज्युएटसाठी चार पहिली बक्षिसं, पोस्ट ग्रॅज्युएटसाठी पाच. पण मोजायची ती सीसी असलेल्या चॅम्पियनशिप शोची, आणि त्यातही ग्रॅज्युएटच्या मोजणीत ग्रॅज्युएटपासून वरच्या, तर पोस्ट ग्रॅज्युएटच्या मोजणीत पोस्ट ग्रॅज्युएटपासून वरच्या क्लासमधलीच. ओपन शोला वीस वेळा पहिली आली, चॅम्पियनशिप शोला चार वेळा ज्युनियर जिंकली, तरी पोस्ट ग्रॅज्युएटचं तिचं खातं शून्यावर आहे. ‘आता हिला लिमिटमध्येच घालावं लागेल’ असं समजून दोन वर्षांच्या मादीला चार-पाच वर्षांच्या पूर्ण भरलेल्या माद्यांसमोर उभं करणारे दर मोसमात दिसतात. ते बघून फार वाईट वाटतं, कारण क्लास उघडा होता आणि फक्त व्याख्या नीट वाचली गेली नव्हती.

एक सीसी मिळालं की मात्र पोस्ट ग्रॅज्युएटपर्यंतचे हे सगळे क्लास बंद. रिझर्व्ह सीसीने बंद होत नाहीत. लिमिट उघडा राहतो. तो बंद होतो तीन सीसी झाल्यावर, किंवा सीसी असलेल्या चॅम्पियनशिप शोला लिमिट आणि ओपन मिळून सात पहिली बक्षिसं झाल्यावर. ओपन क्लास सगळ्यांना कायम खुला.

तारखेची कट-ऑफ एंट्रीच्या मुदतीला बांधलेली आहे, शोच्या दिवसाला नाही. मुदत संपण्याच्या आधीच्या सातव्या दिवसापर्यंत जिंकलेली बक्षिसं धरायची. समजा एका शोची मुदत २० ऑक्टोबरला संपते, तर १३ ऑक्टोबरपर्यंतचे निकाल मोजा. १८ ला नॉव्हिसमधलं तिसरं पहिलं बक्षीस आलं तरी त्या शोला नॉव्हिस चालतो. चॅम्पियनशिप शोच्या मुदती कित्येक आठवडे आधी संपतात, त्यामुळे मधल्या काळातली बक्षिसं त्या एंट्रीला बाधत नाहीत. वयाचं मोजमाप शोच्या पहिल्या दिवशी आणि बक्षिसांचं मोजमाप मुदतीपूर्वी, या दोन घड्याळांची सरमिसळ करू नका.

चुकीच्या क्लासमध्ये भरली गेली असेल तर जजिंग सुरू होण्याआधी सेक्रेटरीकडे जाऊन सांगा. बदली होऊ शकते, पण बक्षिसांच्या मोजणीतली चूक असेल तर ती बहुधा ओपन क्लासमध्ये होते. न सांगता उभं राहून जिंकलात तर नंतर तपासणीत बक्षीस रद्द होतं. चॅम्पियनशिप शोचे निकाल तपासले जातात, कोणाच्या लक्षात येणार नाही असं समजू नका.

स्पेशल बिगिनर्सबद्दल. मालक, हँडलर किंवा कुत्रा यांपैकी कोणी त्या ब्रीडमध्ये सीसी किंवा रिझर्व्ह सीसी जिंकलेलं नाही, अशांसाठी तो आहे. समोरचे नवखे असतात हे माणसांबाबत खरं, पण त्यांच्या हातातली मादी तीन वर्षांची, चांगल्या ब्रीडरकडून घेतलेली, पूर्ण भरलेली असू शकते. तुमच्या यादीत तो सगळ्यांत शेवटी आहे. म्हणजे पपी क्लास सकाळी झाल्यावर मधले ज्युनियर, यर्लिंग, ग्रॅज्युएट, पोस्ट ग्रॅज्युएट, लिमिट, ओपन, व्हेटरन संपेपर्यंत थांबायचं. लॅब्रेडॉरच्या एंट्री मोठ्या असतात. एका कुत्र्याला दोन मिनिटं धरली तरी वीस जणांच्या क्लासला चाळीस मिनिटं, असे सात क्लास मध्ये. दहा महिन्यांचं पिल्लू तोपर्यंत झोपलेलं असतं किंवा चिडलेलं. माझं मत: डिसेंबरात पपी बिच, बस्स.

---

गनडॉगवाली

स्पेशल बिगिनर्सबद्दल सहमत. अजून एक कारण आहे. क्रफ्ट्स या इथल्या सगळ्यांत मोठ्या डॉग शोची पात्रता सगळ्या क्लासमधून मिळत नाही. सीसी असलेल्या चॅम्पियनशिप शोला पपी, ज्युनियर, पोस्ट ग्रॅज्युएट, लिमिट, ओपन अशा क्लासमध्ये पहिल्या तीनांत यावं लागतं. म्हणून मोठ्या शोला एकच क्लास भरायचा तर तो पात्रतेचा असावा. क्रफ्ट्स मनात असेल तर स्टड बुक नंबर काय असतो तेही बघून ठेवा. मोठ्या शोच्या वरच्या क्लासमध्ये ठरावीक क्रमांक आल्यावर तो मिळतो आणि त्यावर क्रफ्ट्सची पात्रता जन्मभर राहते.

पुढच्या वर्षाचा आराखडाही आत्ताच करा. १० फेब्रुवारी २०२६ ला बारा महिने, १० ऑगस्टला अठरा. या सहा महिन्यांत ज्युनियर हा तिचा घरचा क्लास. ज्युनियर वॉरंटचे (तरुण कुत्र्यांना गुणांवर मिळणारा किताब) गुणही सहा ते अठरा महिन्यांतच जमवायचे असतात. एकूण २५ लागतात. ब्रीड क्लासमधल्या पहिल्या नंबराला सीसी असलेल्या चॅम्पियनशिप शोला तीन आणि ओपन शोला एक, या हिशोबाने. ते मनात असेल तर ओपन शोला एव्हीवर खर्च न करता लॅब्रेडॉरचे क्लास असलेलेच शो निवडा.

अठरा महिन्यांनंतर ज्युनियर संपतो आणि लॅब मादी अजून पुरती भरलेली नसते. हा काळ सगळ्यांत अवघड. यर्लिंग चोवीस महिन्यांपर्यंत चालतो, तो शेड्यूलमध्ये असेल तर तोच. नसेल तर नॉव्हिस किंवा ग्रॅज्युएट. पोस्ट ग्रॅज्युएट दोन-तीन वर्षांसाठी राखून ठेवा. उगाच लवकर त्यात घालून चौथ्या-पाचव्या नंबराने परतण्यापेक्षा ग्रॅज्युएट खूप बरा. आणि लिमिटला कमी लेखू नका. पुष्कळ वेळा ओपनपेक्षा लिमिट जास्त भरलेला आणि जास्त कठीण असतो, कारण दोन सीसीवाल्या माद्याही त्यात बसतात.

एक खास मादींचं. सीझनला (माजावर) आली म्हणून ब्रीडच्या रिंगमध्ये यायला इथे बंदी नाही, फक्त नरांपासून लांब उभ्या राहा आणि रांगेत शेजारी नर असेल तर स्टुअर्डला सांगा. पण सीझननंतर साधारण तीन-चार महिन्यांनी अंगावरची लोकर गळते. लॅबच्या दुहेरी कोटमधला आतला थर गेला की शेपटी बारीक दिसते. ऑटर टेल म्हणतात ती मुळाशी जाड, गोल आणि चारही बाजूंनी दाट केसांची हवी, ती त्या काळात दोरीसारखी होते. पहिल्या सीझनची तारीख कॅलेंडरवर लिहा, पुढचे चार महिने मोजा आणि त्या खिडकीत महागडा चॅम्पियनशिप शो भरू नका. कोणताही क्लास निवडा, कोट नसलेली लॅब मागेच पडते.

---

पुणेरी_पंजा

पुण्याहून वाचतोय, एक शंका. आमच्याकडे केनेल क्लब ऑफ इंडियाच्या शोला ब्रेड इन इंडिया असा क्लास असतो. तसा इकडे जन्मलेल्यांसाठी तिथे काही असतं का? आणि भारतातून नेलेला कुत्रा तिथे उतरवायचा तर?

---

कॅटलॉग_वाचक

ब्रेड इन इंडियासारखा क्लास इथल्या नेहमीच्या यादीत नाही. शेड्यूलमध्ये कधी ब्रीडर्स क्लास दिसतो, पण तो ब्रीडरनेच पाळलेल्या कुत्र्यांसाठी, देशावर ठरत नाही. परदेशी नोंदणीचा कुत्रा इथे राहत नसेल आणि फक्त शोपुरता येणार असेल तर केनेल क्लबकडून आधी एटीसी नंबर घ्यावा लागतो, म्हणजे स्पर्धेची परवानगी. तो नंबर एंट्रीत कुत्र्याच्या नावाबरोबर लिहायचा. इथे कायम राहायला आणला असेल तर सरळ केनेल क्लबच्या रजिस्टरवर नोंदणी करून घ्या, मग पुढचं सगळं इतरांसारखंच.

---

रिंगच्या_कडेला

कॉव्हेंट्रीकर, त्या शेवटच्या वळणाबद्दल. पिल्लू उसळतं ते बहुधा तिथे लीश अचानक ताणली जाते म्हणून. हँडलर वळणावर आखूड पावलं टाकतो आणि पिल्लाला मात्र वेग तसाच हवा असतो. वळणाच्या दोन पावलं आधी तुम्हीच थोडं बाहेरून, मोठी कड घेऊन वळा, हात खाली आणि सैल ठेवा, तोंडाने एकच ठरलेला शब्द द्या. घराशेजारच्या मैदानात तीन शंकू ठेवून रोज चार फेऱ्या पुरेत, जास्त केलं तर कंटाळते.

८ तारखेला पोचल्यावर पहिलं काम कॅटलॉग घेणं. स्वतःचा नंबर, क्लास, जन्मतारीख आणि मालकांची नावं बरोबर छापली आहेत का ते बघा. चूक दिसली तर लगेच सेक्रेटरीच्या टेबलाकडे. मग रिंग शोधा आणि तुमच्या आधी कोणती ब्रीड आहे, किती एंट्री आहेत ते मोजा. लॅब्रेडॉर दुसऱ्या नंबरला असतील आणि आधी सात-आठच कुत्रे असतील तर पंधरा-वीस मिनिटांत नंबर येतो. लॅब्रेडॉरमध्ये मायनर पपी हा सगळ्यांत पहिला क्लास, तेव्हा स्टुअर्ड हाक देईल तेव्हा ती फिरवून, शी-शू करून, अंग पुसून तयार हवी. रिंग नंबर छातीवर क्लिपने लावा, कुत्रीच्या पट्ट्याला नाही.

---

कॉव्हेंट्रीकर

एंट्री भरल्या. ८ ला मायनर पपी, २३ ला पपी आणि एव्ही गनडॉग पपी, डिसेंबरात पपी बिच. तिन्हीत टीएएफ लिहिलं आणि दोघांची नावं घातली. पावत्या छापून शेड्यूलशी ताडल्या. डिसेंबरच्या पावतीत ‘पपी डॉग’ निघालं होतं, मुदतीच्या आत दुरुस्त करून घेतलं. तीन रकान्यांची वहीही केली आहे. शंकू उद्या आणतो.